गोठलेली द्राक्षं, गार वाईन

दौंड तालुक्यातल्या खुटबावचा परिसर उसाचा, पण याच तालुक्यात रोटीला वाइनरी आहे. त्यामुळे फळं आणि वाईन घुसळून केलेलं थंडगार पेय इथल्या उन्हाळ्याला अजिबात परकं वाटू नये.

यातली खरी मेख बर्फ न घालण्यात आहे. बर्फ वितळतो आणि चव पाणचट होते; म्हणून गारवा फळानंच द्यायचा. बिनबियांची थॉमसन द्राक्षं धुऊन, कोरडी पुसून ताटात सुटी पसरावीत आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावीत. ओली ठेवली तर त्यांचा एकच गोळा होतो. आंब्याच्या फोडीही चालतात.

घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असतं. १२ टक्के अल्कोहोलची वाईन उणे पाचच्या आसपास गोठू लागते. त्यातलं पाणी आधी गोठतं, उरलेल्या द्रवात अल्कोहोल वाढत जातं, म्हणून ती दगडासारखी होत नाही. पेय भुसभुशीत राहतं ते यामुळेच.

मिक्सरच्या भांड्यात आधी गार वाईन, मग फळं घालावीत. द्रव नसेल तर पाती नुसतीच फिरतात. दोन वाट्या फळांना एक वाटी वाईन पुरते. थांबत थांबत फिरवावं, सलग फिरवल्यास मोटर तापते आणि पेय वितळतं. थंडीत जिभेला गोडी कमी लागते, म्हणून चमचाभर मध आणि थोडं लिंबू घालावंच.

महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. मुलांसाठी वाईनऐवजी द्राक्षाचा रस घ्यावा. मात्र रसात अल्कोहोल नसल्यानं तो फ्रीजरमध्ये ठेवू नये, टणक गोठतो.