निळ्या गोळ्याचं काम काय?

पिक्सारचा २०१५ सालचा ‘इनसाइड आउट’ मुलांसाठी म्हणून लावला जातो आणि शेवटी डोळे पुसत बसतात ते आईवडील. असं का होतं हे कळायचं तर त्या चित्रपटातलं डोकं कसं चालतं ते आधी पाहायला हवं. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी तिथे एक अख्खा कारखानाच उभा केलाय, आणि तो नियमाने चालतो.

११ वर्षांची रायली मिनेसोटातून आईवडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. तिच्या डोक्यातल्या नियंत्रण कक्षात बटणांपाशी पाच जण आहेत: जॉय म्हणजे आनंद, सॅडनेस म्हणजे दुःख, शिवाय राग, भीती आणि किळस. पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर हे मानसशास्त्रज्ञ चित्रपटाचे सल्लागार होते. एकमन यांच्या मूळ भावनांच्या प्रसिद्ध यादीत आश्चर्यही होतं. पण पडद्यावर आश्चर्य आणि भीती सारखीच दचकणार, म्हणून ते गाळलं.

काही घडलं की एक चमकता गोळा घरंगळत येतो. त्या वेळी बटणांवर ज्याचा हात, त्याचा रंग गोळ्याला: आनंदाचा पिवळा, दुःखाचा निळा, रागाचा लाल, भीतीचा जांभळा, किळसेचा हिरवा. रायली झोपली की दिवसभराचे गोळे जुन्या आठवणींच्या फडताळांकडे रवाना होतात. झोपेत आठवणी पक्क्या होतात, हे मेंदूचे अभ्यासकही सांगतात. तिथले सफाई कामगार जुने गोळे खड्ड्यात टाकतात. फोन नंबर जातात, पियानोचे धडेही जातात. च्युइंगमच्या जाहिरातीचं गाणं मात्र ते मुद्दाम वर पाठवतात, निव्वळ गंमत म्हणून! डोक्यात घोळणाऱ्या गाण्याचं याहून पटणारं कारण मी तरी ऐकलेलं नाही.

काही मोजके गोळे मात्र खास. कुटुंब, मैत्री, हॉकी, प्रामाणिकपणा आणि खुळेपणा ही रायलीच्या स्वभावाची बेटं त्यांच्यावर उभी आहेत. हे पाचही गोळे पिवळे आहेत, आणि गोम तिथेच आहे. जिच्या मुळाशी नुसता आनंद साठवलाय, तिचं घर, मैत्रीण, संघ सगळं एकदम सुटलं तर ती सावरणार कशाच्या जोरावर?

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. सॅडनेसने पिवळ्या गोळ्याला हात लावला की तो निळा होतो. जॉयला वाटतं ही गोळे नासवतेय. खरं तर माणसाची आठवण अशीच वागते. ती आपण आजच्या मनाने काढतो आणि काढता काढता ती थोडी बदलते. नव्या वर्गात रायली मिनेसोटाच्या हॉकीबद्दल हसत सांगायला लागते आणि मध्येच तिला रडू फुटतं. आठवण तीच असते, फक्त आता ती टोचते.

मग या निळ्याचा उपयोग काय? उत्तर बिंग बाँगच्या प्रसंगात आहे. बिंग बाँग हा रायलीच्या बालपणीचा काल्पनिक मित्र, थोडा हत्ती, थोडं मांजर, थोडा डॉल्फिन आणि अंगाला गुलाबी बुढ्ढी के बाल. त्याची लाडकी गाडी खड्ड्यात ढकलली जाते आणि तो मटकन खाली बसतो. जॉय गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, खेळ सुचवते; तो ढिम्म. सॅडनेस शेजारी येऊन बसते, तुझी आवडती वस्तू गेली एवढंच मान्य करते आणि त्याला बोलू देते. तो रडतो, अश्रूंच्या जागी गोळ्या-चॉकलेटं पडतात, आणि मग आपणहून उठतो. जॉय बघत राहते.

पुढे तिला एक पिवळा गोळा मागे फिरवून पाहिल्यावर कळतं की त्याची सुरुवात निळी होती: सामना हरून रायली एकटी बसली होती, म्हणून आईबाबा जवळ आले, संघ आला. दुःख दिसलं म्हणून माणसं आली. शेवटी नियंत्रण कक्षातली बटणं करडी पडतात, रायलीला काहीच वाटेनासं होतं, तेव्हा ती पुन्हा चालू करू शकते ती सॅडनेसच. त्यानंतर तयार होणारा गोळा पिवळाही असतो आणि निळाही.

हे सूत्र सहज सापडलेलं नाही. आधीच्या कथेत जॉयबरोबर भीती प्रवासाला निघत होती आणि गोष्ट अडत होती. बरंच काम झाल्यावर डॉक्टर यांनी भीतीच्या जागी दुःख आणलं.

एक उणीव मात्र जाणवते. या डोक्यात विचाराला जागा फार थोडी. ती एक येणारी-जाणारी आगगाडी, बटणं सगळी भावनांच्या हातात. तरीही मुलांना भावना समजावणारा याहून नेमका चित्रपट मी पाहिलेला नाही. पुन्हा पाहाल तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग जरा थांबवून बघा: आईच्या डोक्यात प्रमुखाच्या जागी सॅडनेस बसलीय, बाबांच्या डोक्यात राग.