पाळणे कमी, माणसे जास्त

जगाची लोकसंख्या 1804च्या सुमारास 100 कोटींवर पोहोचली. 200 कोटींसाठी 1927 उजाडावे लागले. 700 कोटींवरून 800 कोटींचा टप्पा मात्र अवघ्या 11 वर्षांत, नोव्हेंबर 2022मध्ये गाठला गेला.

गंमत म्हणजे याच काळात पाळणे लांबत गेले. 1960च्या दशकात जगातील स्त्रीला सरासरी पाच मुले होत. आता सव्वादोनच्या आसपास.

मग संख्या वाढते कशी? आधीच्या पिढ्या मोठ्या होत्या. त्यांतल्या मुली आज आई होत आहेत. प्रत्येकीला मुले कमी असली, तरी आयांची संख्याच जास्त आहे. शिवाय आयुर्मानही वाढले आहे.

लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी प्रजननदर, म्हणजे एका स्त्रीला होणारी सरासरी मुले, साधारण 2.1 लागतो. दक्षिण कोरियात 1960मध्ये तो सहाच्या घरात होता, 2023मध्ये 0.72 झाला. महागडी घरे, शिकवण्यांचा खर्च आणि नोकरीतले लांबलचक तास ही तिथली प्रमुख कारणे. पश्चिम आफ्रिकेतील नायजरमध्ये मात्र तो आजही सहाच्या आसपास आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) भारताचा दर 2.0, बिहारचा 3.0, महाराष्ट्राचा 1.7, तर गोव्याचा 1.3 आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 2024च्या अंदाजानुसार, 2080च्या दशकाच्या मध्यास जगाची लोकसंख्या सुमारे 1,030 कोटींवर पोहोचेल आणि त्यानंतर हळूहळू घटू लागेल.