एकात्मिक सॉफ्टवेअर की विशेषोपयोगी सॉफ्टवेअर? : लहान व्यवसायाच्या निवडीचा विचार

प्रास्ताविक

आपला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पदवी घेऊन वास्कोतल्या एखाद्या दुकानात, वाहतूकदाराकडे किंवा क्लिअरिंग एजंटकडे नोकरीस लागतो. काही दिवसांतच मालक त्याला विचारतो, "हिशेब, साठा, पगार, सगळे करणारे एकच सॉफ्टवेअर घ्यावे, की प्रत्येक कामाला वेगळे?" विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर चालवण्याचे शिक्षण घेतलेले असते, ते निवडावे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढीच उणीव भरून काढण्याचा आहे. उर्दू-मराठीच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या दोन्ही भाषांच्या छपाईला हा प्रश्न फार पूर्वी भेडसावला आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

दोन प्रकार

एकात्मिक सॉफ्टवेअरमध्ये सर्व विभागांची माहिती एकाच साठ्यात राहते. विक्रीची नोंद एकदा केली की माल कमी होतो, गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढते आणि कराचा आकडाही तयार होतो. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी स्थापन केलेल्या एसएपी या कंपनीने हा विचार मोठ्या उद्योगांत रुजवला. विशेषोपयोगी सॉफ्टवेअर एकच काम करते, पण ते काम त्याच्या बारकाव्यांसह करते.

छपाईचा धडा

उर्दूची नस्तालीक लिपी हे दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरतो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप पालटते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक संगणकीय छपाईत आली. त्यासाठी हजारो अक्षरजोड्या स्वतंत्रपणे लिहून घ्याव्या लागल्या होत्या. १९९४ मध्ये इनपेज आले आणि लहान छापखान्यांनाही नस्तालीक सुलभ झाली. त्या काळी कार्यालयीन कामाच्या सर्वसाधारण सॉफ्टवेअर-संचांना हे साधत नव्हते. मराठीत श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरने असेच काम केले. छापखान्यांची निवड योग्यच होती, कारण अक्षर हाच त्यांचा धंदा.

अडचण निराळ्या ठिकाणी होती. या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या अक्षरे आपापल्या संकेतांत साठवीत. तोच मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. सर्व लिप्यांसाठी समान संकेत देणारे युनिकोड १९९१ पासून आहे. पण छापखान्यांत ते सावकाश पोहोचले. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आणि २०१४ मध्ये गुगलकडून युनिकोडवर चालणारे नस्तालीक फॉन्ट मिळू लागले. तेव्हा ज्यांचा मजकूर युनिकोडमध्ये होता, त्यांना नव्या साधनाकडे वळणे सोपे गेले; इतरांना मजकूर रूपांतरित करावा लागला किंवा पुन्हा टंकलिखित करावा लागला. साधन योग्य निवडले होते, पण त्यातून बाहेर पडण्याची वाट कोणी पाहून ठेवली नव्हती.

हिशेबाच्या वहीपासून

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. टॅलीचा आरंभ १९८६ मध्ये बंगळुरात गोयंका पितापुत्रांनी केला, तो केवळ हिशेबासाठी. पुढे त्यात साठा आला, पगार आला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर त्याचीही सोय झाली. म्हणजे विशेषोपयोगी साधन वाढत वाढत एकात्मिक झाले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मात्र आरंभापासूनच एकात्मिक आहे. तात्पर्य, दोन प्रकारांमधली भिंत पक्की नाही. नावावरून निर्णय करू नये.

मोठ्या कंपन्याही यात चुकतात. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये तीन निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकाच वेळी, तीही ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केली. गोदामात माल असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या तिला वेळेवर पुरवता आल्या नाहीत. दोष एकट्या सॉफ्टवेअरचा नव्हता. जोडणी तपासण्याची घाई आणि वेळेची निवडही नडली.

निवडीचे निकष

१. धंद्याचा गाभा कोणता? मुरगाव बंदरावरील क्लिअरिंग एजंटला सीमाशुल्काची कागदपत्रे आइसगेटवर, ठरलेल्या नमुन्यातच भरावी लागतात. त्या कामाला विशेषोपयोगी सॉफ्टवेअरच हवे. त्याचा पगारपत्रक व खर्चाचा हिशेब मात्र चारचौघांसारखाच आहे. तिथे एकात्मिक सॉफ्टवेअर पुरते.

२. एकच आकडा किती वेळा लिहावा लागतो? समजा, जहाजांना शिधा पुरवणाऱ्या दुकानदाराकडे बिलाचे एक, साठ्याचे दुसरे आणि हिशेबाचे तिसरे सॉफ्टवेअर आहे. तांदळाच्या पन्नास पोत्यांची नोंद तीनदा होईल आणि एखाद्या ठिकाणी पन्नासाचे पंधरा होतील. अशा ठिकाणी साधने आपसांत जोडावीत, नाहीतर एकच घ्यावे.

३. माहिती बाहेर काढता येते का? जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. वर्गणी थांबली किंवा विक्रेत्याने दुकान गुंडाळले, तरी ती वाचता आली पाहिजेत. तसेच १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. त्यामुळे वेगळ्या तक्त्यांवर हिशेब चालवण्याची सवय तिथे चालत नाही.

४. चालवणार कोण? चार माणसांच्या दुकानात पाच सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस सोडून गेला की सगळे अडते. त्याचप्रमाणे पन्नास विभागांच्या एकात्मिक सॉफ्टवेअरमधील चारच विभाग वापरायचे असतील, तर उरलेल्यांचे पैसे कशाला भरावेत?

अध्यापकांसाठी सूचना

हे वर्गात शिकवायला महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. फळ्यावर एका बिलाचा प्रवास काढावा : मागणी, माल, बिल, कर, वसुली. विद्यार्थ्यांनी तो आकडा कुठे कुठे पुन्हा लिहिला जातो, ते मोजावे. नंतर एका सॉफ्टवेअरमधील शंभर नोंदी साध्या तक्त्यात काढून दुसऱ्यात भरून पाहाव्यात. तारीख उलटी होते, नावातला मराठी मजकूर बिघडतो, शून्य गळते. हे एकदा स्वतः पाहिलेला विद्यार्थी विक्रेत्याच्या जाहिरातीला सहजी भुलत नाही.

समारोप

सारांश, ज्या कामावर धंद्याची रोजीरोटी अवलंबून आहे तिथे विशेषोपयोगी, आणि जे काम सर्वांचे सारखे आहे तिथे एकात्मिक, हा साधारण नियम धरावा. पण दोन्ही बाबतींत आपली माहिती आपल्या हाती राहील याची खात्री खरेदीपूर्वीच करून घ्यावी. मालकाच्या प्रश्नाला आपला विद्यार्थी सॉफ्टवेअरचे नाव सांगण्याऐवजी हे चार निकष सांगू शकला, तर आपल्या शिकवण्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.