विकत घेतलेल्या तबकडीचे कुलूप

मागाच्या खडखडाटात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्या माणसाने घरी चित्रपट पाहण्याच्या यंत्रावर बोलावे, हे पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत. तथापि या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एकदा फसगत झाली, आणि फसगतीसारखा गुरू नाही.

घडले ते असे. सन २००९ च्या मे महिन्याची पहिली तारीख. आमच्या एका सभासदाचा मुलगा दुबईला नोकरीस होता. सुटीवर येताना त्याने चार्ली चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’ या १९३६ सालच्या चित्रपटाची डीव्हीडी आणली होती. पट्ट्यावरून सरकणारे नट आवळता आवळता कामगाराचे डोके फिरते, जेवणाची सुटी वाचावी म्हणून मालक त्याला यंत्राने घास भरवू पाहतो, अशी ती कथा. आमच्या भिवंडीत एका खोलीत मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारे विणकर शेजारी शेजारी राहतात. बोलपटाची भाषा सर्वांना सारखी कळेल असे नाही. पण या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच. म्हणून दहाबारा जणांनी आमच्या घरी जमून तो पाहावा असे ठरले. कांडीवाल्या पोरांपासून म्हाताऱ्या जॉबरपर्यंत मंडळी चटईवर दाटीवाटीने बसली. तबकडी आत सरकवली, आणि पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले: ‘राँग रीजन’. बस्स, पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दुकानदाराकडे गेलो. त्याने सांगितले, “तुमचे यंत्र बिघडले आहे, नवे घ्या.” मंडळींनी वर्गणी काढली आणि नवे यंत्र घेतले. तेही तेच दोन शब्द दाखवू लागले! शेवटी एका टपरीवजा दुकानात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आमचे जुनेच यंत्र समोर ठेवले, रिमोटवरची काही बटणे क्रमाने दाबली, एक आकडा बदलला, आणि चॅप्लिन पडद्यावर चालू लागला. म्हणजे ना तबकडी बिघडली होती, ना यंत्र. दोघांच्या मध्ये कोणीतरी कुलूप घातले होते. ते कुलूप कसले, हे ठाऊक नसल्यामुळे गरिबांच्या खिशातले पैसे गेले. तशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढाच या लेखाचा उद्देश.

डीव्हीडी प्रथम जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस विक्रीस आली आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत. त्या काळी चित्रपट आधी अमेरिकेत लागे आणि इतर देशांत काही महिन्यांनी पोहोचे. तबकडी मात्र टपालाने आठ दिवसांत कुठेही जाते. अमेरिकेत तबकडी विकली जात असताना तोच चित्रपट दुसऱ्या देशाच्या थिएटरात अजून लागायचा असला, तर तिथल्या तिकीटविक्रीचे काय, ही चित्रपट कंपन्यांची धास्ती होती. शिवाय एकाच मालाला निरनिराळ्या देशांत निरनिराळा भाव लावता यावा, हाही हिशेब होताच. म्हणून त्यांनी जगाच्या नकाशावर रेघा मारल्या आणि आठ विभाग केले.

पहिला विभाग अमेरिका व कॅनडा यांचा. दुसऱ्यात युरोप, जपान आणि आखाती देश. तिसऱ्यात आग्नेय आशिया, हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरिया. चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिका. पाचव्यात भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग. सहावा चीनचा. सातवा राखून ठेवलेला, आणि आठवा विमाने व जहाजे यांच्यासाठी. १९४७ साली माणसांमध्ये जी सीमा पडली ती या नकाशात नाही. उलट भिवंडीचा बाप पाचव्या विभागात आणि दुबईला राबणारा त्याचा मुलगा दुसऱ्या विभागात, अशी नवीच फाळणी त्यात आहे.

हे कुलूप चालते कसे? तबकडीवर चित्राबरोबर एक खूण नोंदलेली असते: ही अमुक विभागांत चालावी. यंत्राच्या स्मृतीतही एक आकडा कारखान्यातच भरलेला असतो. तबकडी आत गेली की यंत्र आधी ती खूण वाचते आणि आपल्या आकड्याशी ताडून पाहते. जुळली तर चित्र. न जुळली तर नकार. लेसरचा किरण सारे वाचू शकत असतो, पण दाखवायचे नाही असा त्याला हुकूम असतो. पहारेकरी आंधळा नाही, तो हुकुमाचा ताबेदार आहे. दुकानात ज्याला ‘रीजन-फ्री’ किंवा ‘मल्टी-रीजन’ म्हणतात, त्या यंत्रात हा हुकूम काढून टाकलेला असतो, किंवा आकडा हवा तसा बदलता येतो.

येथे दोन प्रकारांतला भेद ध्यानी घ्यावा. काही यंत्रे कोणतीही तबकडी बिनतक्रार घेतात. त्यांचा आकडा शून्यावर ठेवलेला असतो. पण काही कंपन्यांनी पुढे अशी तबकडी काढली की तीच यंत्राला उलट प्रश्न विचारते, “तुझा आकडा कोणता?” शून्य हे उत्तर मिळाले की ती चालायचे नाकारते. अशा वेळी ज्या यंत्रात १, २, ३ असा नेमका आकडा हाताने लावता येतो, तेच कामास येते. म्हणून दोन्ही सोयी असलेले यंत्र उत्तम. आकडा बदलण्याची रीत प्रत्येक नमुन्याची वेगळी असते. बहुधा ट्रे उघडा ठेवून रिमोटवर काही अंक दाबावे लागतात. जेथे रिमोटने काम होते तेथे यंत्र उघडून डाग लावू देऊ नये. संगणकातल्या ड्राइव्हची गोष्ट निराळी. त्यात विभाग साधारणतः पाच वेळाच बदलता येतो; पाचव्या बदलानंतर तो कायमचा अडकतो. मुलांनी सहज चाळा म्हणून तो आकडा बदलू नये, हे घरात सांगून ठेवावे.

आता दुसरे कुलूप. ते कोणी मुद्दाम घातलेले नाही, पण त्रास तितकाच देते. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेघांचे विणलेले असते. आपल्याकडे ‘पाल’ पद्धत आली. तिच्यात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका व जपान यांनी ‘एनटीएससी’ पद्धत घेतली. तिच्यात ५२५ रेघा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आमच्या विणकरांना हे चटकन कळते: एका फणीसाठी भरलेला ताणा दुसऱ्या फणीत बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचावर परक्या पद्धतीचे चित्र काळेपांढरे दिसते, किंवा वरखाली पळत राहते. नवे सपाट संच बहुधा दोन्ही पद्धती घेतात.

पुष्कळ लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. विभाग वेगळा, पद्धत वेगळी. जपान आणि युरोप दोघे दुसऱ्या विभागात. पण जपानची तबकडी एनटीएससी आणि युरोपची पाल. आपल्याकडच्या अनेक हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे नजर ठेवून सर्व विभागांसाठी आणि एनटीएससी पद्धतीत काढलेल्या असत. म्हणून यंत्र घेताना ‘रीजन-फ्री आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. दोन्ही पद्धती ते संचाला पुरवते का, हेही विचारावे. यंत्राच्या मेनूत टीव्हीच्या पद्धतीची निवड असते. ती ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’वर ठेवावी.

तिसरी गोष्ट विजेची. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. कोणा आप्ताने प्रेमाने तिकडून यंत्र आणले आणि ते तसेच भिंतीच्या सॉकेटात खुपसले, तर प्रेमाचा धूर होतो. मागच्या पट्टीवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले असेल तरच थेट जोडावे.

ब्लू-रे घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथे आठ नव्हे, तीनच विभाग आहेत: ए, बी आणि सी. भारत, चीन व रशिया सीमध्ये. युरोप, आफ्रिका आणि आखाती देश बीमध्ये. अमेरिका, जपान व आग्नेय आशिया एमध्ये. ब्लू-रे यंत्र डीव्हीडीसाठी मोकळे केलेले असले, तरी ब्लू-रेसाठी ते मोकळे असेलच असे नाही. दोन्ही कुलपे निरनिराळी. त्यानंतर आलेल्या ४के तबकड्यांना विभागच ठेवलेला नाही. म्हणजे ज्यांनी रेघा मारल्या, त्यांनीच अखेर त्या सोडून दिल्या.

आज नवे डीव्हीडी यंत्र दुकानात क्वचित दिसते. जुन्या मालाच्या बाजारातच शोधावे लागते. तिथे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. घरून चार तबकड्या बरोबर न्याव्यात: एक परदेशातून आलेली, एक एनटीएससी पद्धतीची, एक जुनी व्हीसीडी, आणि एक घरच्या लग्नाची. चारही समोर चालवून पाहाव्या, मगच पैसे मोजावे. यंत्राच्या पाठीमागची छिद्रेही पाहावी. आपल्या संचाला पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांची जागा नसेल, तर एचडीएमआय असलेलेच यंत्र घ्यावे. आणि भिवंडीकरांना खास सूचना: आपल्या घरात कापसाचे तूस हवेबरोबर येते आणि यंत्राच्या भिंगावर बसते. यंत्र बंद असताना त्यावर फडके घालावे, चालू असताना मात्र काढावे, नाहीतर ते तापते. तबकडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसल्याने पडलेला चरा किरणाच्या वाटेबरोबर धावतो आणि जास्त नुकसान करतो.

लग्नाच्या तबकडीचा उल्लेख वर आला, त्यावर दोन शब्द बोलले पाहिजेत. घरी किंवा फोटोवाल्याने भरलेल्या तबकडीवर विभागाची खूण नसते. तरीही ती दुसऱ्या यंत्रात चालत नसेल, तर बहुधा ती भरल्यावर शेवटची ‘फायनलाइज’ करण्याची क्रिया राहिलेली असते. ज्या यंत्रावर ती भरली त्याच जातीच्या यंत्रावर ती क्रिया पुरी करता येते. पण याहून मोठा धोका वेगळा आहे. बाजारातल्या चित्रपटाची तबकडी साच्यातून ठसा उमटवून केलेली असते; घरी भरलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि किरणाने त्या थरावर खुणा केलेल्या असतात. ऊन, दमट हवा आणि वर्षे यांनी तो थर खराब होतो. चित्रपट पुन्हा विकत मिळेल. आजोबांचा आवाज मिळणार नाही. आमच्या कचेरीतही जुन्या सभांच्या आणि मोर्चांच्या तबकड्यांचे एक खोके होते. उघडले तेव्हा त्यांतल्या काही मुक्या झाल्या होत्या. उरलेल्या आम्ही संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवल्या. प्रत्येक कुटुंबाने हे काम पुढल्या सुटीवर न ढकलता उरकावे, ही आमची कळकळीची विनंती.

यावर कोणी विचारील, की कुलूप काढणे हा गुन्हा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ घालण्यात आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणे, हा त्यात अपराध ठरवला आहे. चोरून प्रती काढणे आणि विकणे याला आमचा स्पष्ट विरोध आहे. दिवे धरणारा, रंगभूषा करणारा, सेटवर खिळे ठोकणारा, हे सारे आमच्यासारखेच मजुरीवर जगणारे लोक आहेत. चोरीचा घाव शेवटी त्यांच्या पोटावर बसतो. पण दाम मोजून घेतलेली तबकडी आपल्या घरी, आपल्या यंत्रावर पाहणे ही निराळी गोष्ट. कलावंताला आणि कामगाराला त्याचा मोबदला मिळालेला असतो. मग ती दुबईत घेतली की दादरला, याने त्याच्या मजुरीत काय फरक पडला? कुलूप त्याच्या श्रमाचे रक्षण करीत नाही; ते भावाचे रक्षण करते.

अमेरिकेत टपालाने तबकड्या भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने तो धंदा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केला. आता चित्रपट तारेने घरी येतो, आणि पुष्कळांना वाटते की तबकडीबरोबर तिची कटकटही गेली. तसे झालेले नाही. एका देशात दिसणारा चित्रपट दुसऱ्या देशात दिसत नाही, आणि आज दिसणारा उद्या यादीतून निघून जातो. तबकडीचे कुलूप निदान आपल्या घरात होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ते उघडता आले. आताचे कुलूप दूर कुठेतरी आहे आणि किल्ली आपल्या हाती नाही. म्हणून ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांनी त्या भंगारात घालू नयेत, आणि त्या चालवणारे एक यंत्र घरात धडके ठेवावे.

चॅप्लिन त्या दिवशी नव्हे, तर पुढल्या सुटीच्या दिवशी आमच्या घरी आला. नट आवळणारे ते दोन हात पाहून म्हातारा जॉबर इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग तो म्हणाला, “हा तर आपल्याच खात्यातला माणूस दिसतो.” त्याचे ते शब्द ऐकण्यासाठी आम्हाला एक नवे यंत्र फुकट विकत घ्यावे लागले. श्रोत्यांनी तेवढा खर्च वाचवावा.