अजिंठ्याच्या प्रती

संपादकांनी दिलेला विषय वेगळाच होता. जपानमधले प्रांत आपापल्या शहरागावांच्या पुस्तिका काढतात: हे गाव, तिथे हे बघा, इथून पुढे जा. तसे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे करता येते का ते बघा आणि सुरुवात फुलंब्रीपासून करा, असा निरोप होता. फुलंब्रीच का, तर तिथे थांबून बघण्यासारखे काही नाही असे ज्याला विचारावे तो सांगतो.

बाकीच्या गावांचे फारसे अडत नाही. पैठणला नाथांची समाधी, पैठणीचे माग आणि जायकवाडीचे धरण. दौलताबादला किल्ला. खुलताबादला भद्रा मारुती आणि औरंगजेबाची उघडी, साधी कबर. वेरूळला कैलास लेणे आणि घृष्णेश्वर. कन्नडकडे गौताळ्याचे जंगल आणि पितळखोऱ्याची लेणी. फुलंब्रीच्या वाट्याला रस्ता आला. शहरातून निघून हर्सूल, सावंगी मागे टाकायची, चौका घाट पार करायचा, की मका, कापूस आणि अद्रकीच्या शेतांमधून फुलंब्री येते. एक रस्ता खुलताबादकडे फुटतो, दुसरा सिल्लोडवरून अजिंठ्याला जातो. शहरातून अजिंठ्याला निघालेली गाडी फुलंब्रीवरूनच जाते आणि चहापुरतीही क्वचितच थांबते. मधली काही वर्षे या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाने असा काही जीव काढला, की थांबायची कुणाला इच्छाही उरली नव्हती.

याच रस्त्याची चौकशी करताना जपान भेटला आणि पुस्तिका बाजूला राहिली. 1992 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये जपान सरकारने अजिंठा-वेरूळचे संवर्धन आणि पर्यटन यांसाठी येनमध्ये कर्ज दिले. त्यातून रस्ते सुधारले, विमानतळ वाढला, झाडे लागली, लेण्यांची डागडुजी झाली. त्याच योजनेत अजिंठ्याच्या पायथ्याला, फर्दापूरच्या टी पॉइंटजवळ, एक भले मोठे अभ्यागत केंद्र उभे राहिले. त्यात 1, 2, 16 आणि 17 या चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. अस्सल लेणी तिथून 4 किलोमीटरवर. हाकेच्या अंतरावर खरे असताना खोटे कशाला बांधायचे, हा प्रश्न मला पडला. उत्तर शोधत गेलो तर अजिंठ्याच्या नकलांचाच एक इतिहास हाती लागला, आणि तो बहुतांशी जळिताचा आहे.

अधिकृत इतिहास सगळ्यांना पाठ असतो. इसवी सनापूर्वीची पहिली लेणी, मग पाचव्या शतकात वाकाटक हरिषेणाच्या काळातला बहर, मग शतकांचे जंगल. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि वाघोरा नदीच्या वळणावरचे लेणे त्याला दिसले. 10 नंबरच्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले, ते अजून आहे. 1844 साली मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या प्रती करायला आला. अजिंठा गावात राहिला, पारो नावाच्या स्त्रीबरोबर संसार केला, पुढे भुसावळला त्याची माती झाली. ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे आणि तिच्यावरच्या सिनेमामुळे ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. गिलने जवळजवळ वीस वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती मात्र 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि 1872 पासून वर्षानुवर्षे त्यांनी काम केले. त्यातल्या बऱ्याच प्रती 1885 मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण बंगाली चित्रकार होते.

या यादीत आपल्याकडे सहसा न घेतले जाणारे एक नाव आहे, आणि मी अडकलो तो तिथेच. आराई काम्पो हे तोचिगी प्रांतातल्या उजिइए गावचे, जन्म 1878 चा. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून 1916 मध्ये ते कलकत्त्याला जपानी चित्रकला शिकवायला आले. नंदलालांशी त्यांची मैत्री जमली. पुढे 1917-18 च्या सुमारास ते अजिंठ्याला येऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत बसले.

प्रत करणे म्हणजे काय करणे, हे समजायला आधी भिंत जवळून बघावी लागते. एक नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे. पहारेकरी विजेरीचा झोत हळूहळू मुकुटावरून खाली आणतो, तेव्हा आधी झुकलेल्या पापण्या दिसतात, मग ओठ, मग हातातले निळे कमळ. सगळे त्या चेहऱ्याकडे बघत असतात तेव्हा आपण जरा बाजूला, जिथे रंगाचा पोपडा गेला आहे तिथे बघावे. आत काळा, खडबडीत बेसॉल्ट आहे. कातळावर टाकीचे घाव तसेच ठेवलेत, गिलावा धरून राहावा म्हणून. त्यावर माती, तिच्यात भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवलेले. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्या कोरड्या पृष्ठावर डिंक-सरसात कालवलेला रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, हिरवी माती. ही सगळी इथली, आसपासची. निळा तेवढा लांबचा: तो लाजवर्द, आणि त्याची खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. कोणाच्याही घराच्या कुडाला लिंपावी तशी ही भिंत लिंपलेली आहे. तिच्यावरचा चेहरा दीड हजार वर्षे टिकला याचे नवल मला त्या चेहऱ्याच्या सौंदर्याइतकेच वाटते.

जपानी चित्रकाराला प्रत करण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळे. त्यांची एक जुनी रीत अशी: मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, एका टोकाला तो गुंडाळत वर न्यायचा, खालचे चित्र डोळ्यांत भरून घ्यायचे, कागद झटकन खाली सोडायचा, आणि नजरेतली रेघ पुसट व्हायच्या आत कुंचल्याने ती कागदावर उतरवायची. मग पुन्हा गुंडाळा, पुन्हा सोडा. एका भुवईसाठी हे किती वेळा करावे लागत असेल! यात गिरवणे नसते. रेघ हातातून यावी लागते, कारण थबकत ओढलेली रेघ थबकलेलीच दिसते. अजिंठ्याचा सगळा जीव रेषेत आहे. तेलरंगाच्या, छायाप्रकाशाच्या सवयीने आलेल्या युरोपी चित्रकारांना ती भिंत अवघड गेली असणार. काम्पोंना ती आपल्याच घरातली वाटली असेल, असा माझा तर्क आहे.

त्याला कारणही होते. जपानमधल्या नारा प्रांतात होर्यूजी नावाचे मंदिर आहे. त्याच्या मुख्य मंडपातली भित्तिचित्रे अजिंठ्यानंतर दोनेकशे वर्षांनी काढलेली. तिथल्या सहाव्या भिंतीवरचा बोधिसत्त्व आणि आपला पद्मपाणी शेजारी शेजारी ठेवून बघण्याची चाल जपानी अभ्यासकांत फार जुनी आहे. त्यामुळे जपान्याला अजिंठा बघायचा असतो तो आजोळ बघावे तसा. लेण्यांखालच्या दुकानदारांना मोडकी जपानी बोलता येते, ती उगाच नाही.

काम्पोंनी नेलेल्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. 1923 च्या महाभूकंपात त्या नष्ट झाल्या. लंडनमध्ये दोनदा आणि टोकियोत एकदा, असा अजिंठा तीनदा परदेशात जाऊन संपला.

काम्पो थांबले नाहीत. 1940 मध्ये जपान सरकारने होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला घेतल्या, तेव्हा नेमलेल्या प्रमुख चित्रकारांत ते होते. 1945 साली त्या कामावर परत जाताना वाटेतच त्यांना मरण आले. काम इतरांनी चालू ठेवले. आणि 26 जानेवारी 1949 च्या पहाटे होर्यूजीच्या मंडपालाच आग लागली. थंडीत काम करणारे चित्रकार विजेवर तापणारी बैठक वापरत, तिच्यामुळे ती लागली असे सांगतात. यावेळी मूळ चित्रेच होरपळली. प्रती मात्र वाचल्या. त्या प्रती आणि 1935 मध्ये काढून ठेवलेली पूर्ण आकाराची छायाचित्रे यांच्या आधारे 1968 पर्यंत नवी चित्रे तयार करून त्याच भिंतींवर बसवली. आगीच्या पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आपण प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन करतो त्या दिवशी जपानभर मंदिरांत अग्निशमनाच्या कवायती होतात.

काम्पोंचे उजिइए आता साकुरा शहरात आले आहे. तिथल्या नगर संग्रहालयाला त्यांच्या स्मारक दालनाचे नाव जोडलेले आहे. एका गावाने पुस्तिकेत काय टाकावे, तर अजिंठ्याला जाऊन आलेला आपला एक चित्रकार. आमच्या रस्त्यावरच्या गावांत काम्पो हे नाव घेतले तर कुणाच्या चेहऱ्यावर ओळख दिसत नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. खरे जवळ आहे म्हणूनच त्याची प्रत हवी. अजिंठ्याच्या भिंतीला पूर्वी पावसाच्या झिरप्याने, वटवाघळांनी आणि किड्यांनी छळले. गिलाव्यातले तूस हे किड्यांचे अन्नच. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1920 ते 1922 या काळात इटलीहून जाणकार आणून सुटलेले पोपडे चिकटवून घेतले. त्यामुळे पुष्कळ वाचले. पण लाखेचे जे रोगण चित्रांवर चढले, ते पिवळे-तपकिरी होत गेले, आणि ते काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेची पुढची कित्येक दशके गेली. आजचा त्रास आपण स्वतः आहोत. पावसाळ्यातल्या रविवारी दाराशी रांग लागते. एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात, फ्लॅश चालत नाही, चपला बाहेर काढायच्या. तरी भिजलेले कपडे, अंगाची ऊब आणि श्वासातली वाफ आत येतेच. गिलावा ती ओल पितो, ऊन चढले की सोडतो, आणि प्रत्येक वेळी कातळावरची पकड थोडी सैल होते. फ्रान्समध्ये लास्कोची चित्रगुहा याच श्वासापायी 1963 मध्ये लोकांना बंद झाली. 1983 मध्ये शेजारी तिची प्रतिकृती उघडली आणि लोक ती बघायला जाऊ लागले.

फर्दापूरचे केंद्र याच विचाराने बांधले. शाळेच्या सहली, सेल्फीवाले, पायऱ्या चढू न शकणारे आजी-आजोबा यांनी इथे हवा तितका वेळ, भरपूर उजेडात पद्मपाणी बघावा, गिलावा कसा असतो हे हात लावून बघावे, आणि मग वर जाऊन खऱ्यासमोर थोडा वेळ गप्प उभे राहावे. डोलीत बसून वर जाण्याचे धाडस ज्यांना होत नाही, त्यांना तर अजिंठा दिसण्याचा हा एकच मार्ग होता. 2013 मध्ये केंद्र सुरू झाले. 2018 च्या सुमारास ते बंद पडले, आणि वीज व पाण्याची थकलेली बिले हे त्याचे कारण वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा छापून आले. वेरूळच्या केंद्राचीही तीच गत. मध्येच पुन्हा सुरू करण्याच्या घोषणा होतात, पाहणी होते, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

एवढी मोठी वातानुकूलित इमारत मराठवाड्याच्या उन्हात चालवायची म्हणजे वीज लागणार, आणि पाणी तर या पट्ट्यात उन्हाळ्यात माणसांनाही टँकरने मिळते. हे बांधतानाच ठाऊक असायला हवे होते. बांधकामाला कर्ज मिळते, चालवायला मिळत नाही. केंद्राने स्वतःच्या तिकिटांवर आपला खर्च भागवावा अशी अपेक्षा ठेवली गेली. पण दिवसभरात अजिंठा उरकून परतणारा पर्यटक शेवटच्या बसच्या धास्तीने टी पॉइंटवर उतरतो तो थेट लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये चढतो. प्रतिकृती आधी आणि लेणी मागून, असा क्रम कुणी घालूनच दिला नाही. वेगळे तिकीट, वेगळी वेळ, वेगळे खाते. लेणी पुरातत्त्व खात्याची, केंद्र पर्यटनाचे, बस एसटीची, वीज महावितरणची.

दरम्यान जपानशी स्नेह वाढतोच आहे. 2013 मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला. त्याच प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. शिष्टमंडळे येतात, जातात, आणि लेण्यांकडे जाताना त्या कुलूपबंद इमारतीच्या बाजूने त्यांची गाडी निघते. तिथे आत काय आहे, असे एखाद्या पाहुण्याने विचारले तर सोबतचा अधिकारी काय सांगत असेल?

उपाय फार मोठा नाही. लेण्यांच्या तिकिटातच केंद्राचे शुल्क धरावे, बस आधी केंद्रावर थांबवावी, छपरावर सौर पत्रे बसवावेत, आणि प्रतिकृतींसमोर फुलंब्री-सिल्लोड-सोयगावच्या पोरांना गिलावा आणि रेषा समजावून सांगण्याच्या नोकऱ्या द्याव्यात. मुख्य म्हणजे बिल कुठल्या खात्यावर टाकायचे ते आधी ठरवावे. पर्यटनाच्या जमाखर्चात ते केंद्र तोट्याचेच दिसणार. संवर्धनाच्या जमाखर्चात ते घेतले, तर खालच्या मजबूत भिंतीसमोर थांबलेला प्रत्येक माणूस वरच्या मातीच्या भिंतीसमोरून तेवढा वेळ कमी झालेला असतो, आणि त्यासाठीच तर ते बांधले होते. येनचे कर्ज आपण हप्त्याहप्त्याने फेडतो आहोतच. त्यातून घेतलेली वस्तू वापरायची की नाही, एवढाच निर्णय उरला आहे, आणि त्यासाठी टोकियोला जावे लागत नाही.