जशी वाट, तशी सायकल

विसाव्या शतकात पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. विद्यार्थी, कारकून, कामगार असे सर्व थरांतील लोक सायकलीवरून ये-जा करीत. त्या काळ्या, भक्कम सायकलींची चाके उंच असत आणि हँडल चालकाकडे वळलेले असे. ताठ बसून सपाट रस्त्याने जाण्यास ती रचना सोयीची होती. परंतु पुण्याच्या आसपास सर्वच वाटा सपाट नाहीत. टेकड्यांवर मुरूम आहे, सिंहगडाच्या परिसरातील पाऊलवाटांवर दगडगोटे आहेत आणि पावसाळ्यात चिखल होतो. डांबरी रस्ता व कच्ची वाट या दोहोंवरून एकच सायकल न्यावयाची असेल, तर तिची चाके, टायर व हँडल यांची निवड विचारपूर्वक करावी लागते.

प्रथम चाकांचा विचार करू. मोठे चाक खळग्यात कमी उतरते व दगडावरून सहज चढून जाते. खडबडीत वाटेने जाणाऱ्या बैलगाडीला मोठी चाके असतात, त्याचे एक कारण हेच. डोंगरी सायकलींचा उदय १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. त्यांची चाके २६ इंची होती, पुढे २७.५ व २९ इंची चाके प्रचारात आली. मात्र मोठे चाक जड असते आणि अरुंद वळणावर ते चटकन वळत नाही. शिवाय लहान चणीच्या मुलांना अशी सायकल उंच पडते. चालकाचे पाय जमिनीला नीट टेकत नसतील, तर चाक कितीही चांगले असले तरी ते त्याच्या उपयोगाचे नाही.

टायरचे महत्त्व चाकाहून कमी नाही. १८८८ मध्ये जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर तयार केला. सायकलीचा भार खरोखर ही हवाच पेलते. अरुंद टायरात हवा अधिक दाबाने भरावी लागते. तो डांबरी रस्त्यावर वेगाने धावतो, पण मुरमावर घसरतो. रुंद टायरात दाब कमी ठेवता येतो. त्यामुळे तो खड्यांवर किंचित दबतो, जमिनीला अधिक चिकटून राहतो आणि धक्केही सौम्य होतात. परंतु दाब फारच कमी झाला, तर दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन फुटते. दोन्ही प्रकारच्या वाटांसाठी सुमारे दोन इंच रुंदीचा टायर सोयीचा ठरतो. त्याच्या मध्यभागी बारीक, जवळजवळ असलेल्या नक्षीमुळे डांबरी रस्त्यावर वेग टिकतो. कडेच्या उंच गाठी वळणावर माती धरून ठेवतात.

टायर विकत घेताना त्याच्या कडेवरील आकडे वाचावेत. '५०-६२२' याचा अर्थ टायरची रुंदी ५० मिलिमीटर व रिमवर बसणाऱ्या त्याच्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर. केवळ इंचांवर विसंबू नये. '२६ इंची' म्हणून विकले जाणारे सर्व टायर एकाच रिमवर बसत नाहीत. टायर चिमट्याला घासत नाही, हेही पाहावे.

हँडल ही एक तरफ आहे. ते रुंद असेल, तर दगडावर आपटून वळू पाहणारे चाक कमी बळाने सरळ ठेवता येते. म्हणून कच्च्या वाटेवर रुंद व सरळ हँडल उपयुक्त ठरते. शर्यतीच्या सायकलीचे खाली वळलेले हँडल धरून वाकल्यास वाऱ्याचा विरोध कमी होतो. पण तीव्र उतारावर तशा स्थितीत शरीराचा भार पुढे येतो आणि तोल जाण्याची भीती वाढते. तथापि हँडल खांद्यांच्या मानाने फारच रुंद असू नये. मुठीवरून हात न काढता ब्रेकपर्यंत बोटे पोहोचलीच पाहिजेत, कारण उतारावर तोच क्षण मोलाचा असतो.

सर्व वाटांवर सर्वोत्तम ठरेल अशी सायकल नाही. वेग हवा तर पकड थोडी सोडावी लागते. पकड हवी तर श्रम थोडे वाढतात. म्हणून सायकल घेण्यापूर्वी रोजची वाट कोणती, तीत डांबरी रस्ता किती व कच्ची वाट किती, हे ठरवावे. दुकानातील झगमगाटापेक्षा त्या वाटेलाच प्रथम विचारावे; ती योग्य चाक, योग्य टायर व योग्य हँडल सांगते.