चेहऱ्यापासून सहा फूट

माझ्या आईचा भिंतीवरचा फोटो पाहिला की मला अजून चुकल्यासारखं होतं. चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत उभी होती. ती गेली तेव्हा घाईघाईत त्या फोटोतून तिचा हरभऱ्याएवढा चेहरा कापून मोठा करून घेतला. खांद्यावर कुणाची तरी बोटं तशीच राहिलीत, डोळे धुरकट. आमच्याकडे बहुतेक घरांत बायकांचे हार घातलेले फोटो असेच कापून काढलेले असतात. आयुष्यभर फोटोत मागे उभं राहायचं, नाहीतर स्वयंपाकघरात असायचं. मग वेगळा फोटो येणार कुठून?

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि माहेरचे सगळे अल्बम चिखलात गेले. माळ्यावर होता म्हणून एकच वाचला, बाबांचा पेंटॅक्स के १०००. ऐंशीच्या दशकात आतेभावाने दुबईहून आणलेला. दादा म्हणाला, "तूच घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही." तसा तो दापोलीला माझ्या सासरी आला.

तो पाहून सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या, "माझा एक बरासा काढून ठेव गं. नंतर धावपळ नको." त्यांचं वय ८३. मी "काहीतरीच काय आई!" म्हटलं, पण रात्री झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की हातात! काढला ना मोबाइलने. जवळ जाऊन काढला, तर नाक भलंमोठं आणि कान पार मागे गेलेले. त्या म्हणाल्या, "शी! ही कोण बाई?" मग बाबांचा कॅमेरा काढला. त्याला ५० मिलिमीटरची नेहमीची लेन्स होती. तिने अख्खा माणूस छान यायचा, पण नुसता चेहरा घ्यायला जवळ गेले की पुन्हा तेच.

दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो, हे कळायला मला दोन रोल फुकट घालवावे लागले. हिशोब स्वयंपाकघरातला वाटावा इतका सोपा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान पाचेक इंच मागे. तुम्ही नाकापासून फूटभरावर उभ्या असाल, तर नाक १२ इंचांवर आणि कान १७ इंचांवर, म्हणजे जवळजवळ दीडपट लांब. साहजिकच नाक मोठं दिसणार. तेच सहा फुटांवर गेलात, की ७२ आणि ७७. फरक कळतसुद्धा नाही. आपण एकमेकींना पाहतो तेही असंच, ओटीवर समोरासमोर बसून. नाकाला नाक लावून आपण कुणाचा चेहरा पाहत नाही.

तेव्हा मागे सरकायचं. पण मागे सरकलं की चेहरा लहान होतो. तो पुन्हा मोठा करून देणारी लेन्स म्हणजे छोटी टेलिफोटो, साधारण ८५ ते १३५ मिलिमीटरची. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या लांबलचक नळ्या वेगळ्या. ही घरातल्या माणसांसाठी. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, शरबत गुला, तुम्हाला आठवत असेल. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत तो फोटो काढला, तो निकॉनच्या साध्या हाताने चालवायच्या कॅमेऱ्यावर, १०५ मिलिमीटरच्या लेन्सने. बाबांच्या कॅमेऱ्यात आणि त्यात जातीचा फरक नाही, हे वाचून मला उगाच बळ आलं.

लेन्ससाठी भिशीचे पैसे राखून ठेवले आणि मुंबईला गेले. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. पहिल्याच दुकानदाराने ८० ते २०० ची झूम पुढे केली. "ताई, हीच घ्या, यात सगळं येतं." हातात घेतली तर अर्ध्या किलोच्या वर! शिवाय ती पूर्ण उघडली तरी एफ ४.५. एफ २.८ च्या लेन्समधून जेवढा उजेड आत येतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. आमच्या कौलारू घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि ती तोफ रोखली असती तर सासूबाई उठूनच गेल्या असत्या. बसलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा धाक वाटला की चेहरा गेलाच म्हणून समजा.

मग राहिल्या तीन. पेंटॅक्सच्या 'एम' मालिकेतल्या ८५, १०० आणि १३५. तिन्ही आटोपशीर, पाव किलोच्या आगेमागे. तिन्हींचं तोंड ४९ मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या लेन्सचंच झाकण आणि फिल्टर चालतात. ही सोय लहान वाटते, पण वेगवेगळ्या मापाची झाकणं घरात कशी हरवतात ते आपल्याला माहीत आहे.

निवड केली ती मेजपट्टीने. डोक्यापासून छातीपर्यंतचा उभा फोटो घ्यायला ५० ला साधारण तीन फुटांवर उभं राहावं लागतं, ८५ ला पाच, १०० ला सहा आणि १३५ ला आठ फुटांवर. आमची पुढची खोली दहा बाय दहा. त्यात सासूबाईंची खुर्ची, मागे हातभर मोकळी जागा (भिंतीला चिकटून बसवलं की सावली पडते) आणि माझी मी. १३५ घेतली असती तर मला दारातून बाहेर तुळशीपाशी उभं राहावं लागलं असतं! एरवी ती लेन्स वाईट नाही. जुन्या बाजारात ती सहज मिळते, स्वस्तही असते. ज्यांचं अंगण मोठं, त्यांनी खुशाल घ्यावी.

खरी ओढाताण ८५ आणि १०० मध्ये झाली. ८५ पूर्ण उघडली की एफ २, म्हणजे १०० च्या एफ २.८ पेक्षा दुप्पट उजेड. अंधाऱ्या घराला तीच बरी, असं कुणीही म्हणेल. पण ती कमी मिळते आणि किंमत ऐकून मी पर्स बंदच केली. शिवाय एक गोष्ट अनुभवाने कळली. एवढ्या जवळून लेन्स पूर्ण उघडी ठेवली की फोकसचा पट्टा अगदी अरुंद होतो. १०० ची लेन्स सहा फुटांवरून एफ २.८ ला फक्त दोनेक इंच स्वच्छ दाखवते. डोळे धरले तर कान धूसर. एफ २ ला तर त्याहून कमी. वय झालेलं माणूस बसल्या जागी जरासं डुलतं, तेवढ्यात फोकस सुटतो. म्हणजे त्या जादा उजेडाचे पैसे मोजून मी तो वापरणार तरी कितीदा? १०० घेतली. उजेडाची तूट ४०० च्या रोलने आणि पडवीतल्या खुर्चीने भरून काढली. या निवडीचा मला आजवर पस्तावा झालेला नाही.

जुनी लेन्स घेताना मात्र भाजीवालीकडे वांगी पाहतो तशी पाहून घ्या. एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. मला दाखवलेल्या पहिल्या १०० मध्ये अशी जाळी होती आणि दुकानदार "पुसलं की जाईल" म्हणत होता. आतल्या काचेवरची बुरशी वरून पुसून कशी जाईल? फोकसची कडी दह्यासारखी एकसारखी फिरली पाहिजे. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी हवीत, तेलकट नकोत. आणि के १००० साठी घेत असाल, तर लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी आहे ना ते पाहा. नव्या डिजिटल पेंटॅक्सच्या बऱ्याच लेन्सना ती नसते. त्या कॅमेऱ्याला बसतात, पण उपयोग होत नाही.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. मी पापडाचा घट्ट झाकणाचा डबा घेतला आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. कॅमेऱ्याचं झाकण मात्र आठवणीने लावा. के १००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही, उजेड दिसत राहिला की सेल संपतो.

फोटो काढला तो सकाळी नऊच्या सुमाराला, पडवीत. उजेड डाव्या बाजूने. शटर १२५ वर ठेवलं, कारण १०० च्या लेन्सला त्याहून सावकाश गेलं की हात हलल्याचं दिसतं. सासूबाई सुरुवातीला शाळेत बसल्यासारख्या ताठ बसल्या. सहा फुटांवरून बोलायला बरं पडतं, म्हणून त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट काढली. बोलता बोलता हात गळ्यातल्या मण्यांकडे गेला, मान जराशी वळली. मी एफ ४ ला अलीकडच्या डोळ्यावर फोकस धरून दाबलं. पुढच्या फ्रेम कधी शेजारच्या काकूंनी मागितल्या, कधी दूधवाल्याच्या आईने. रोल संपायला महिना लागला. तो धुवायला कुरिअरने पुण्याला पाठवला, आठवडाभर वाट पाहिली.

प्रिंट हातात दिली तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून ती उजेडात धरली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही तर माझी आई दिसत्ये." त्यांच्या आईचा एकही फोटो नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"फ्रेम करून घेऊ का?" मी विचारलं.

"कर. पण भिंतीवर नको लावू इतक्यात. कपाटात ठेव, मला अधूनमधून बघता येईल."